गोठ्यातली फियाट

मंडळी, नमस्कार.

मला विषय दिला होता ‘जुन्या गाड्यांची दुरुस्ती’. पण दुरुस्तीवर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारी माणसं या धुळ्यात पुष्कळ आहेत. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग आपल्या गावाशी एकमेकांना छेदतात, त्यामुळे मेकॅनिक, लेथवाले, स्प्रिंगचे पाटे ठोकणारे आपल्याला शोधावे लागत नाहीत. मी बोलणार आहे जागेवर. घरच्या दहा बाय सतराच्या खोलीत एक अख्खी गाडी खोलायची आणि ती पुन्हा जोडली जाईल अशी ठेवायची, एवढ्याच गोष्टीवर.

याला कारण एक जीप आहे. आयटीआयमध्ये निदेशक म्हणून लागण्याआधी मी दोन वर्षं इथल्याच देवपुरात एका उस्तादांच्या हाताखाली होतो. विलीज जीप. महिंद्रांनी १९४७ पासून या जीप आपल्याकडे जोडायला घेतल्या आणि खान्देशातल्या केळीच्या, कापसाच्या मळ्यांत त्या बैलजोडीइतक्या घरच्या झाल्या. उस्तादांनी म्हातारपणी स्वतःसाठी अशी एक जीप घेतली आणि नटन्‌नट खोलली. सगळे नट-बोल्ट दोन घमेल्यांत, डिझेलमध्ये बुडवलेले. कुठला कुठला, हे त्यांना बोटांनी कळायचं. बोल्ट नुसता चिमटीत फिरवून ते सांगायचे, हा डायनॅमोचा, हा बंपरचा. आणि एका पहाटे ते गेले.

वर्षभराने त्यांच्या मुलांनी मला बोलावलं. मी त्यांचा हाताखालचा माणूस, मला जमेल असं त्यांना वाटलं. आम्ही तिघं जण कित्येक रविवार त्या घमेल्यांशी बसलो. नाही जमलं. इंजिन उभं राहिलं, पण पुढे काम सरकलं नाही. कारण तो सगळा हिशेब एका डोक्यात होता आणि ते डोकं आता नव्हतं. शेवटी जीप किलोवर गेली. भंगारवाल्याच्या हातगाडीवर तिचं बॉनेट उन्हात चमकत जाताना मी पाहिलं आहे. गंजाने गेलेल्या गाडीचं मला तेवढं दुःख होत नाही. ही गाडी चांगली होती.

म्हणून माझ्या काकांची १९६७ची फियाट अकराशे माझ्याकडे आली तेव्हा पहिले दोन महिने मी तिला पाना लावला नाही. आधी जागा मोजली.

ही खोली म्हणजे आमचा जुना बैलांचा गोठा. १७० चौरस फूट. फियाट सुमारे १३ फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद, म्हणजे तिने ६२ चौरस फूट घेतले. उरले १०८. कागदावर हे ऐसपैस वाटतं. पण चार दारं, बॉनेट, डिकीचं झाकण, पुढचा-मागचा बाक, पाच चाकं, पुढची-मागची काच, डॅशबोर्ड, इंजिन, गिअरबॉक्स हे सगळं जमिनीवर मांडून बघा. खोललेली गाडी उभ्या गाडीच्या तिप्पट-चौपट जागा मागते. हे मला अगोदर कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी तुम्हाला सांगतोय.

पहिली चूक बहुतेक सगळेच करतात: गाडी खोलीच्या मधोमध उभी करतात. मग दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फुटांच्या दोन गल्ल्या उरतात, आणि अडीच फुटांत ना दार पुरतं उघडतं ना माणूस नीट बसतो. गाडी एका भिंतीला चिकटवा, फूटभर अंतर सोडून. दुसऱ्या बाजूला चार फूट मिळतात, तिथे खरं काम होतं. ती बाजू झाली की गाडी सरकवायची. त्यासाठी चारही चाकांखाली छोट्या चाकांच्या लोखंडी पाट्या घालतात, पण जमीन कोब्याची हवी. आमच्या गोठ्यात आधी शहाबादी होती, तिच्या सांध्यांत ती चाकं अडकायची. मी फरशी काढून कोबा केला. सगळ्या खर्चात हा खर्च मला सर्वांत कामाचा वाटतो.

बरेच जण विचारतात, खड्डा का नाही घेतला? खाली उतरून काम करायला खड्डा सोयीचा, हे खरं. पण आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्ड्याच्या भिंती फोडते. पावसाळ्यात त्यात पाझर येतो तो वेगळा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली उतरते आणि खड्ड्यात साचून राहते. वरून एक ठिणगी पुरते. म्हणून मी जॅकने गाडी उचलतो आणि चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, ठेवतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. माझ्या वर्गात हे न पाळणाऱ्या मुलाला मी त्या दिवशी वर्कशॉपच्या बाहेर बसवत असे आणि आजही बसवीन.

आता सामानाकडे येतो. माझं खरं बोलणं इथेच आहे.

आमच्या आईची साठवणीची खोली होती. वर्षाची ज्वारी, डाळी, बिबडे, कुरडया, सगळं तिथे. एका कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असायची. उतरंड दिसते छान, पण तळातलं मडकं हवं असेल तर वरची सगळी उतरवावी लागतात. आई म्हणूनच उतरंडीत फक्त वर्षातून एकदा लागणारं ठेवायची. रोजचं सगळं मांडणीवर, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला. गॅरेजमध्ये आपण नेमकं उलटं करतो, एकावर एक खोकी रचत जातो आणि आज लागणारा ब्रेकचा सिलिंडर सहाव्या खोक्यात तळाशी असतो.

म्हणून खोकी नाहीत. केळीवाले आणि भाजीवाले वापरतात ते प्लॅस्टिकचे जाळीदार कॅरेट घ्या. आतलं बाहेरून दिसतं, हवा खेळते. भिंतीला अँगलची मांडणी, आणि एका कप्प्यात एकच कॅरेट. गोणपाटात लोखंड गुंडाळू नका, गोणपाट ओल धरतं. दारं आडवी रचू नका. उभी, भिंतीतल्या आकड्यांना, आकड्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवून. बॉनेट आढ्याला दोराने टांगा. काचा लाकडी पट्ट्यांवर उभ्या, मध्ये जुनी गोधडी. बाक गॅरेजमध्ये ठेवलेच तर उंदीर त्यांत संसार मांडतात. आमचे दोन्ही बाक तीन वर्षं माडीवर होते. आमच्या सौभाग्यवतींनी त्यांवर चादर घालून पाहुण्यांना बसवलं, आणि त्यांच्या या सहकार्याशिवाय ही गाडी झाली नसती हे मी मनापासून सांगतो.

पण कॅरेट आणि मांडणी ही निम्मीच गोष्ट. उरलेली निम्मी म्हणजे प्रत्येक वस्तूला तिचं नाव. कागदाची चिठ्ठी डिझेलमध्ये भिजून फाटते, मार्करचं अक्षर थिनर पुसतो. मी फिटर माणूस, माझ्याकडे नंबर पंच होते. तेलाच्या १५ किलोच्या डब्याचा पत्रा कापून बिल्ले केले, एकेकावर आकडा ठोकला आणि बाइंडिंग तारेने भागाला बांधला. तोच आकडा वहीत. वहीत काय लिहायचं? भाग कोणता, कुठून निघाला, कोणत्या क्रमाने निघाला, बोल्ट किती, त्याच्यामागे वॉशर होता का, पातळ पत्रा होता का. डावं-उजवं लिहू नका. गाडीसमोर उभं राहिलं की डाव्याचं उजवं होतं. आपल्याकडे ट्रकवाले म्हणतात तसं लिहा: ड्रायव्हर बाजू, क्लीनर बाजू. यात चूक होत नाही.

आणि बोल्ट. शक्य असेल तिथे भाग काढला की तोच बोल्ट त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवून द्या. निम्म्या डब्या वाचतात. उरलेले छोट्या डब्यांत, पण एमएमचे आणि इंचीचे कधीही एकत्र नाही. फियाट सगळी एमएममध्ये, जीप इंचीत. एकाच गॅरेजात दोन्ही असतील तर पाने सुद्धा दोन वेगळ्या फळ्यांवर टांगा. दहाचा पाना तीन सुताच्या, म्हणजे ३/८ इंचाच्या, नटाला जवळजवळ बसतो, आणि हे ‘जवळजवळ’च नटाची कड खाऊन टाकतं.

इंजिनाच्या आत तर शिस्त आणखी कडक लागते. पुश रॉड, व्हॉल्व्ह, बेअरिंगच्या टोप्या हे सगळं एकसारखं दिसतं, पण घासून घासून प्रत्येकाची आपापल्या जागेशी जोडी जमलेली असते. पुठ्ठ्याला ओळीने भोकं पाडा, पुढचा सिलिंडर कुठला ते लिहा आणि एकेक त्यात खोवून ठेवा. कनेक्टिंग रॉडची टोपी दुसऱ्या रॉडला लावली तर इंजिन फिरेल कदाचित, पण टिकणार नाही.

एकदम सगळं खोलू नका, हेही इथेच सांगतो. पुढचा सस्पेन्शन खोलला, साफ केला, बसवला, बंद. मगच ब्रेक. लहान जागेत खोललेल्या भागांची संख्या हीच खरी अडचण असते. ब्रेकचा ड्रम काढाल तेव्हा आतली धूळ फुंकू नका, हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बंद करून टाका.

आपल्या खान्देशात आणखी एक गॅरेज फुकट मिळतं, ते म्हणजे अंगण. कोकणातल्या माणसाला हे सुख नाही. दिवाळी ते होळी हवा कोरडी असते, पत्रा खरवडायचं, गॅस वेल्डिंगचं काम या चार महिन्यांत अंगणात उरकायचं. त्या दिवसांत गोठा नुसता कोठार. उघडा पत्रा मृगापर्यंत राहिला तर पहिल्या पावसाच्या रात्रीतच त्यावर तांबूस साय धरते. नुसता साधा प्रायमर मारून निर्धास्त होऊ नका, तो ओल पितो. त्यावर रंग हवाच, नाहीतर इपॉक्सी प्रायमर मारा. रंगाचंही तेच. मे महिन्यात पारा ४४-४५ला असताना थिनर हवेतच उडतो आणि रंग पत्र्यावर पिठासारखा बसतो. श्रावणात मारलात तर ओलीने पांढरट धूर धरतो. आमच्या पेंटरने थंडीची वाट बघायला लावली म्हणून मी त्याच्यावर चिडलो होतो. बरोबर तोच होता. फक्त जवळ जिनिंग असेल तर कापसाचे तंतू उडत नाहीत तो दिवस निवडा.

पेट्रोलची टाकी मात्र घरात ठेवू नका, गोठ्यातही नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. तिला वेल्डिंग करायला कुणी ‘होऊन जाईल’ म्हणालं तर नम्रपणे टाकी परत आणा. तेलकट चिंध्या झाकणाच्या डब्यात. पावडरचं अग्निशामक दाराजवळ, आत नव्हे.

कागदांचीही एक फाइल याच मांडणीवर हवी. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरबदल नसलेली गाडी त्यात बसते. नवी नोंदणी घेतली तर शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. आणि ती रोजच्या वापरासाठी नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरती. डेंटर ग्राइंडर चालवायच्या आधी चासी नंबरच्या जागेवर तुम्ही स्वतः उभे राहा. तो आकडा घासला गेला तर सगळी मेहनत कागदावर शून्य होते.

शेवटची गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझी बायपास झाली. तीन महिने काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. फियाट तेव्हा अर्धी जोडलेली. मला सारखी ती जीप आठवायची. माझा एक जुना विद्यार्थी साक्री रोडला गॅरेज चालवतो. तो भेटायला आला आणि वही मागून घेऊन गेला. पुढच्या रविवारपासून तो येऊ लागला. मी माडीवर पडून, खाली पान्यांचा आवाज. तीन महिन्यांत त्याने मला दोनदाच काही विचारलं.

एक बिल्ला होता, २१४. क्लीनर बाजू, मागचं दार. वहीत मी लिहिलं होतं: वरच्या बिजागरीमागे पातळ पत्रे दोन, खालच्या बिजागरीमागे काही नाही. ते पत्रे कधीकाळी कुणी अनाम मिस्त्रीने घातले होते. काकांच्या वेळचं ते दार जोरात आपटावं लागत नसे ते त्यामुळेच. संध्याकाळी सहाच्या सुमारास खालून खट्ट असा हलका आवाज आला. मग तो जिन्याशी आला आणि वर बघून म्हणाला, “सर, दार लागी गयं.”