एकाच एसटीतून आलेले तीन साक्षीदार

श्रोतेहो, नमस्कार.

एका जिल्हा दैनिकात मी बरीच वर्षं उपसंपादक होतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका जिवंत माणसाला मारलं. बातमीतच, पण मारलं.

रात्रीचे साडेदहा वाजले होते, पहिलं पान लावायचं होतं. तालुक्याहून आमच्या वार्ताहराचा फोन आला, अमुक निवृत्त मुख्याध्यापक गेले. गुरुजी मोठे, अर्धा तालुका त्यांच्या हाताखालून गेलेला. मी नवा होतो, पण अगदीच बावळट नव्हतो. म्हटलं, दुसरीकडून खात्री झाल्याशिवाय घ्यायचं नाही. दहा मिनिटांत आमच्या पेपर एजंटचा फोन आला, तेच सांगायला. मग एका शिक्षकाचा आला, त्याचा तर आवाज दाटून आला होता. तीन माणसं, तीन फोन. आणखी काय हवं? दोन कॉलम, फोटोसह, ‘दुःखद निधन’.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला गुरुजी स्वतः कचेरीत आले. धोतर, काळा कोट, हातात छत्री. माझ्या टेबलावर घडी केलेला अंक ठेवला आणि म्हणाले, “वय चुकलंय. मला एकाहत्तरावं चालू आहे, तुम्ही चौऱ्याहत्तर छापलंत.”

चहा मागवला. काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. मग शोध घेतला तेव्हा कळलं की वार्ताहर, एजंट आणि शिक्षक, तिघांनीही ही बातमी संध्याकाळच्या शेवटच्या एसटीच्या कंडक्टरकडून ऐकली होती. कंडक्टरने ती स्टँडवर ऐकली होती. गेले होते ते शेजारच्या गावचे, त्याच आडनावाचे दुसरे गृहस्थ. खोटं कुणीच बोललं नव्हतं. मला तीन साक्षीदार भेटले होते, पण तिघांचं तोंड एकच होतं.

खुलासा चौथ्या पानावर, तळाला, चार ओळींत छापायचं ठरलं. गुरुजींनी तेवढंच विचारलं, “मेलो तेव्हा पहिल्या पानावर, आणि जिवंत झालो तर चौथ्या?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. खुलासा चौथ्या पानावरच गेला. त्याची लाज मला आजही वाटते, मूळ चुकीपेक्षा जास्त.

पुढे मला जुन्या कागदपत्रांचा नाद लागला, आणि तिथे हीच एसटी पुन्हा भेटली. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद तुम्ही ऐकला असेल. दरवर्षी फेब्रुवारीत आणि पुन्हा वैशाखात तो निघतोच. त्या वादात शिरायला मी आलेलो नाही. मला त्यातली तपासणी सांगायची आहे, कारण पुरावा कसा पारखावा याचा इतका सुरेख धडा आपल्या घरातच आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत सर्वमान्य समजूत होती ती शके १५४९ची, म्हणजे इसवी सन १६२७, वैशाख महिना. आधार कशाचा? बखरींचा. पण बखरी लिहिल्या कधी? मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. एका बखरीतली तिथी दुसरीत उतरवली जायची, दुसरीतून तिसरीत. दहा बखरी एकच तिथी सांगतात म्हणजे दहा पुरावे झाले, असं नाही. कंडक्टर एकच असू शकतो.

मग १९१६ साली लोकमान्य टिळकांनी एक जुना कागद छापला. तो भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या दफ्तरातला. त्याला आपण जेधे शकावली म्हणतो. शकावली म्हणजे वर्षवार नोंदींची यादी, शके १५४० पासून १६१९ पर्यंतची. बखरीसारखं रसाळ वर्णन नाही, संवाद नाहीत. अमुक दिवशी अमुक घडलं, पुढची ओळ. त्यात महाराजांच्या जन्माची नोंद आहे: शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरी.

आता बघा, तिथी नुसती सांगितली तर ती तपासता येत नाही. पण तिथीबरोबर वार आणि नक्षत्रही दिलं की लिहिणारा स्वतःला अडकवून घेतो. कारण वार आणि नक्षत्र गणिताने काढता येतात, आणि ते जुळले नाहीत तर नोंद तिथेच पडते. पेपरवाल्या माणसाला अशी नोंद फार आवडते. जो स्वतःला खोटं पाडण्याची सोय ठेवून बोलतो, त्याचं मी आधी ऐकतो.

ही तारीख आपण १९ फेब्रुवारी १६३० अशी लिहितो. आता एक गंमत सांगतो. मोबाइलमधल्या कॅलेंडरात मागे मागे जाऊन १९ फेब्रुवारी १६३० काढली तर वार मंगळवार येतो. माझ्या ओळखीच्या एका हुशार मुलाने हे मला मोठ्या विजयी मुद्रेने दाखवलं होतं, “काका, शकावली खोटी!” खोटी नाही बाबा. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, ज्युलियन पद्धतीची आहे. सतराव्या शतकात जुन्या आणि नव्या पद्धतीत दहा दिवसांचा फरक होता. मोबाइल दाखवतो ती नवी पद्धत. तिच्याप्रमाणे तो दिवस १ मार्च १६३०, आणि त्या दिवशी वार येतो शुक्रवार. जसा शकावलीत आहे तसाच. तपासायचं हत्यार हातात आलं म्हणजे तपासणी आली असं होत नाही; हत्यारही तपासून घ्यावं लागतं. मुलाने चूक कबूल केली, हे मात्र सांगायला हवं. आमच्या संपादकांपेक्षा लवकर केली.

तरीही एका कागदावर एवढी जुनी समजूत मोडायची का? अभ्यासक अडून बसले, आणि ते बरोबरच होतं. पुढे कवींद्र परमानंदाचं शिवभारत हे संस्कृत काव्य उजेडात आलं. ते महाराजांच्या हयातीत लिहिलेलं, सापडलं तंजावरला, छापलं गेलं १९२७ साली. त्यातही शके १५५१चा फाल्गुन, वद्य तृतीया. आणि राजस्थानात जोधपूरला एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली, तीही याच दिवसाची. कारी, तंजावर, जोधपूर. एक देशमुखाची टिपणं, एक कवीचं काव्य, एक ज्योतिषाची कुंडली. या तिघांची एसटी एक नव्हती.

तरी सरकारी पातळीवर घोळ संपायला फार वेळ लागला. १९६६ साली राज्य शासनाने इतिहासकारांची समिती नेमली, तरीही वाद पुढे चालूच राहिला. आज शिवजयंतीची सुट्टी १९ फेब्रुवारीला असते, आणि तिथीप्रमाणे साजरी करणारेही आहेत.

मला या सगळ्यात सगळ्यात मोठी वाटते ती टिळकांची गोष्ट. शिवजयंतीचा उत्सव ज्यांनी गावोगाव नेला त्यांत ते पुढे होते. रायगडावर १८९६ साली उत्सव झाला तोही वैशाखातल्या जुन्या तिथीला धरूनच. म्हणजे वीस वर्षं ज्या तिथीला लोक गोळा केले, तिलाच धक्का देणारा कागद हाती आला. तो कपाटात ठेवून दिला असता तर कोण विचारणार होतं? त्यांनी छापला. आपल्याला नको असलेला पुरावाही लोकांपुढे ठेवणं हे काम वार आणि नक्षत्र जुळवण्यापेक्षा अवघड आहे, आणि त्याला गणित येत असून भागत नाही.

आता जवळचं बोलू, आणि हे बोलताना माझा आवाज जरा जड होईल.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागून फिरणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. लोकांनी त्या पाच जणांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. पाचही निरपराध.

त्या वर्षी देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटरसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावरचं एक मूल उचलतात आणि पसार होतात. ज्याने बघितली त्याला खात्री पटली. मूळ फीत कराचीची होती, पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली. तिच्यात पुढे तेच दोघं मूल परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला होता. बाजारात पन्नास जणांच्या खिशात एकच फीत असली तर पन्नास साक्षीदार होत नाहीत. तो एकच साक्षीदार, आणि त्याचीही जीभ अर्धी कापलेली.

त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. ठीक आहे. पण गुरुजींना मारायला मला तीनच फोन पुरले होते, हे मी विसरत नाही.

म्हणून आता मी एकच प्रश्न विचारतो, समोर कुणीही असो: तुम्हाला हे कुणी सांगितलं? ‘सगळे म्हणतायत’ हे उत्तर मी घेत नाही. नाव हवं. मग त्या नावाच्या माणसाला विचारायचं, तुला कुणी सांगितलं. बातमी आपल्या आवडीची असेल तर दोनदा विचारायचं, कारण तिथे आपलीच नजर ढिली पडते. आणि हे वडीलधाऱ्यांना विचारताना चारचौघांत विचारायचं नाही. ग्रुपवर कुणाची चूक काढली की माणूस चूक मान्य करत नाही, ग्रुप सोडतो.

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर वहिनींनी एक मेसेज टाकला. अमुक भाजीत किडनीला घातक रसायन सापडलं, सावध राहा. मी त्यांना वेगळा फोन केला. “वहिनी, कुठून आलं हे?” म्हणाल्या, भिशीच्या ग्रुपवरून, कुलकर्णीकाकूंनी टाकलं. कुलकर्णीकाकूंना फोन लावला. त्यांना सोसायटीतल्या एका सूनबाईंनी पाठवलं होतं. सूनबाईंना विचारलं. त्या जरा गडबडल्या, फोन बघितला आणि म्हणाल्या, “काका, हे तर तुमच्याच पुतण्याने पाठवलंय.”

पुतण्याला विचारलं. त्याला आईने पाठवलं होतं. आई म्हणजे आमच्या वहिनी.

नमस्कार.