टोक आणि पोट

श्रोतेहो, नमस्कार. बोटभर उंचीच्या मूर्तीचे डोळे रंगवायचे ठरले की नवशिका हौशी रंगकर्मी दुकानातला सर्वांत बारीक, तीन शून्यांचा ब्रश उचलतो. त्या ब्रशात रंग इतका थोडा मावतो, की तो मूर्तीपर्यंत पोहोचेपर्यंत केसांवरच वाळू लागतो. बारीक रेघ टोकामुळे उमटते आणि ती अखंड ओढता येते ती केसांच्या फुगीर भागात, म्हणजे ब्रशाच्या पोटात, साठलेल्या रंगामुळे. म्हणून माझा आग्रह एक किंवा दोन नंबरच्या ब्रशाचा असतो. मात्र प्रत्येक कंपनीचे माप वेगळे असल्याने नंबरावर विसंबू नये, ब्रश डोळ्यांनी पाहावा.

कोलिन्स्की नावाने विकले जाणारे केस सायबेरियन वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या शेपटीचे असतात. यातला प्रत्येक केस मध्ये जाड आणि टोकाकडे निमुळता असल्यामुळे जुडी बांधली की पोट आणि टोक दोन्ही आपोआप साधतात, आणि वाकवलेले केस लगेच सरळ होतात. विकत घेताना शक्य असल्यास केसांवरची खळ पाण्याने धुवून ब्रश एकदा झटकावा; सगळे केस एका टोकाशी जुळले तरच तो घ्यावा. टोक दुभंगले तर किंमत कितीही असो, तो परत ठेवावा.

आता निगा. ॲक्रिलिक रंग वाळला की त्याचे प्लास्टिक होते आणि मग पाण्याने तो निघत नाही. केस जिथे धातूच्या नळीत शिरतात तिथे तो साचला, की आतून केस फाकतात आणि टोक कायमचे जाते. चांगले ब्रश बहुधा असेच मरतात, आणि ते पाहताना मला खरोखर वाईट वाटते. यासाठी रंग पातळ करून घ्यावा, केसांच्या अर्ध्या लांबीपर्यंतच भरावा, आणि काम रंगात आलेले असले तरी दर काही मिनिटांनी ब्रश पाण्यात हलकेच फिरवून घ्यावा. रंग कालवणे, कोरड्या ब्रशाने घासणे, धातूच्या चमकीचे रंग लावणे, ही कामे जुन्या सिंथेटिक ब्रशाकडे सोपवावीत.

काम संपल्यावर कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. गरम पाण्याने नळीतला डिंक सैल होतो आणि केस गळू लागतात. साबणाचा फेस पांढरा येईपर्यंत तळहातावर ब्रश हळुवार फिरवावा, बोटांनी टोक जुळवावे आणि आडवा ठेवून वाळू द्यावा. पाण्याच्या भांड्यात तो केसांवर उभा करून ठेवू नये, कारण टोक वाकते आणि दांड्याचे लाकूड फुगून त्यावरचा रंग तडकतो. पूर्ण वाळल्यावरच प्लास्टिकची टोपी चढवावी, तीही दांड्याच्या बाजूने सरकवत, कारण समोरून घातलेल्या टोपीच्या कडेत अडकलेला एकच केस टोक बिघडवायला पुरेसा असतो.