डेअरीचं सांडपाणी आणि करवंटीचा कोळसा

[दृश्य: कोल्हापूरजवळ, करवीर तालुक्यातलं गुऱ्हाळ]

चुलवाणात उसाचं चिपाड सारणाऱ्या जळव्याला विचारा, चिपाड वाया जातं का, तो हसंल. साखर कारखान्यांचंही तसंच, तिथं ते बॉयलरला जातं, वीजपण त्यावरच. त्यामुळं डेअरीचं सांडपाणी साफ करायला चिपाडाचा ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाण्यातला रंग-वास धरून ठेवणारा बारीक भोकांचा कोळसा) करा म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, मग गूळ कशावर शिजवू? खरा कचरा म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची फोलपटं, आणि देवळाबाहेर, हॉटेलांमागं पडणाऱ्या करवंट्या. भाताचं तूसपण आहे, पण त्यात सिलिका लई, वजनाच्या १५-२० टक्के नुसती राख. करवंटीत राख जेमतेम.

[दृश्य: भट्टी]

करवंटी आधी हवा न लागू देता ४००-६०० डिग्रीला भाजायची, कोळसा होतो, मग त्याच कोळशावर ८००-९०० डिग्रीला वाफ सोडायची, म्हणजे थोडा कार्बन वायू होऊन निघून जातो आणि मागं भोकं राहतात, बरीचशी २ नॅनोमीटरपेक्षा बारीक. चांगल्या मालात एका ग्रॅमला १००० चौरस मीटर पृष्ठभाग. म्हणजे चिमूटभर भुकटीत १० गुंठे रान! फॉस्फोरिक ॲसिड घालून कमी तापमानात पण जमतं, पण मग ते ॲसिड धुतलेलं पाणी कुठं सोडायचं?

[दृश्य: डेअरी, टाक्या धुणं चालू]

दुधाचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला साधारण १ लाख मिलिग्रॅम, आणि नदीत सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा ३०. टाकी धुताना थोडं दूध सांडलं तरी हिशोब बिघडला. पण हे कच्चं पाणी थेट कार्बनवर सोडू नका, फॅट भोकांच्या तोंडावर बसतं आणि फिल्टर चोकअप, वर लॅक्टोज हा कार्बन नीट धरतच नाही, कारण साखर पाण्यातच रमते. म्हणून आधी फॅट ट्रॅप, मग एरेशन टाकी, म्हणजे पाण्यात हवा सोडायची टाकी, तिथले जंतू बहुतेक काम उरकतात, आणि शेवटी जो रंग-वास उरतो तेवढाच कार्बनकडं. एवढंच त्याचं काम, पण ते तो झकास करतो.

कार्बन घेताना विक्रेता आयोडीन नंबर दाखवंल, म्हणजे एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो तो आकडा. तो बघा, पण आपल्याच प्लांटचं पाणी बादलीभर नेऊन त्यात कार्बन ढवळून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

आणि वापरून भोकं भरलेला कार्बन? परत तापवून वापरता येतो, फक्त तेवढ्यासाठी भट्टी घालणं एकट्या छोट्या युनिटला झेपत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत चार-पाच जणांनी मिळून एक घातली तर मात्र गणित बसू शकतं.