विस्कटलेली घडी

मंडळी, आमचे मामा नंदगडहून खानापूरला जाताना मोटरसायकलवरून पडले. डोक्याला खोक नाही, रक्त नाही. उठून बसले, चहा मागितला. सगळे म्हणाले, 'मुका मार आहे, झोपू द्या.' रात्री उलट्या सुरू झाल्या तेव्हा कुठं गाडी काढून बेळगाव गाठलं. आत रक्त साचलं होतं. मामा वाचले, पण उजवा हात पूर्वीसारखा चालला नाही. पुढं मी पेशींचा अभ्यास केला आणि मधल्या त्या तासांत आत काय चाललं असेल ते फार उशिरा कळलं.

वडगाव-शहापूरच्या विणकर घरातले बरेच जण इथं बसलेत. मागावरून उतरलेली साडी म्हणजे लांबच लांब कापड, घडी घातल्याशिवाय ती दुकानात जात नाही. प्रथिनाचंही तसंच. पेशीत ते साखळीसारखं तयार होतं, ठरावीक घडी बसली तरच कामाला येतं. घडी विस्कटली की साखळ्या एकमेकींत अडकतात आणि तो गुंता पेशीच्या जिवावर उठतो.

डोक्याला जबर मार बसला की काही पेशी तिथंच मरतात. मला काळजी असते ती त्यांच्या शेजारणींची. जखमी भागातून ग्लुटामेट, म्हणजे चेतापेशींचं एकमेकींना निरोप देण्याचं रसायन, भसाभस बाहेर पडतं, शेजारच्या पेशींत कॅल्शियम शिरतं, ऊर्जा संपत येते, घड्या मोडू लागतात.

एरवी एचएसएफ-१ नावाच्या प्रथिनाला घडी घालणाऱ्या मदतनीस प्रथिनांनीच धरून ठेवलेलं असतं. घड्या मोडल्या की मदतनीस तिकडं धावतात आणि एचएसएफ-१ सुटतं. तिघं-तिघं जोडून ते केंद्रकात जातं, डीएनएवर बसतं, आणखी मदतनीस बनवायचा हुकूम देतं. बघा, मदतनीस जागेवरून हलले हीच वर्दी! इतकी वर्षं शिकवतेय, तरी इथं आले की भरून येतं.

या मदतनीसांत मोठं नाव एचएसपी-७०. या साऱ्याचा माग लागला १९६२ साली. उबवणपेटीचं तापमान चुकून वाढलं आणि इटलीच्या फेरुचिओ रितोस्सांना फळमाशीच्या अळीत गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले, म्हणजे तिथली जनुकं कामाला लागल्याची खूण. म्हणून नाव पडलं 'उष्णताघात प्रथिनं', इंग्रजीत हीट शॉक प्रोटीन, तेच एचएसपी. पण मार, विष, रक्ताचा तुटवडा, यांनीही ती बनतात.

जखमेच्या काठावरच्या चेतापेशींत ती काही तासांत दिसू लागतात. मात्र प्रथिन बनवायला ऊर्जा लागते. रक्तपुरवठा आटला तर हुकूम निघतो, संदेशवाहक आरएनए, म्हणजे त्या हुकुमाची नक्कल, तयार होतो, प्रथिन मात्र बनत नाही. मामांच्या डोक्यात दाब वाढत होता तेव्हा कितीतरी पेशींचं असंच झालं असणार. हुकूम हातात, आणि हात बांधलेले.

एका आजोबांनी मघाशी विचारलं, 'मग डोकं शेकावं का?' प्रश्न रास्त आहे. प्रयोगशाळेत प्राण्यांना आधी उष्णतेची सवय लावून मग इजा केली, तेव्हा नुकसान कमी झालेलं दिसलंय. पण ते 'आधी'. मार बसल्यानंतरचा ताप मेंदूची उरलीसुरली ऊर्जा खातो, म्हणून डॉक्टर तो उतरवायला धडपडतात. ही प्रथिनं वाढवून मेंदू वाचवणारं सिद्ध औषध माणसासाठी अजून नाही. रक्त आणि प्राणवायू वेळेवर पोचवणं, एवढंच आपल्या हातात.

उसाच्या हंगामात दिवे नसलेल्या ट्रॉल्यांवर मागून दुचाकी आदळतात, तुम्ही पाहता. पडलेला माणूस बोलला, चहा प्याला, तरी त्याच्याजवळ बसा. पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बडबड, गुंगी, हातपाय ढिले, यांतलं एक जरी दिसलं तरी गाडी काढा. खानापूरच्या रानातल्या वाड्यांवरून बेळगाव जवळ नाही, तेव्हा उजाडायची वाट बघू नका.