देवगिरीच्या पायथ्याशी डोरियन

[दृश्य: दौलताबादचा किल्ला, रस्त्यावरून. कडेला रसवंती. घुंगरांचा आवाज.]

दौलताबाद म्हटलं की आपल्याला आठवतो तुघलक. १३२७ साली त्याने दिल्लीची राजधानी इथे आणली, ती गोष्ट आपण अजून हसत हसत सांगतो. त्याच्याही सुमारे शंभर वर्षं आधी, याच देवगिरीत यादव राजा सिंघण याच्या दरबारी एक अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं. काम जमाखर्चाचं, वैद्यकातही गती. नाव शार्ङ्गदेव. त्याने 'संगीत रत्नाकर' लिहिला. सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ. हिंदुस्थानी असो की कर्नाटक, दोन्हीकडचे लोक त्याला आपला मानतात.

गिटारच्या व्हिडिओत हे दरबारी गृहस्थ कशाला, असं वाटत असेल. सांगतो. आधी गिटार.

[दृश्य: मांडीवर गिटार. डावा हात जवळून.]

गिटार शिकणाऱ्या पोराला सुरुवातीला सी मेजर मिळतो, मग पाच सुरांचा मायनर पेंटाटॉनिक. पुढे कधीतरी इंटरनेटवर मोड, म्हणजे सात सुरांच्या वेगवेगळ्या मांडण्या, भेटतात. सात नावं: आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन, एओलियन, लोक्रियन. पोरगं ती पाढ्यासारखी पाठ करतं आणि वाजवताना परत पेंटाटॉनिकवर येतं.

खरं तर यातले सहा आपल्या कानाचे आहेत. आयोनियन म्हणजे बिलावल थाटाचे सूर. थाट म्हणजे ज्यावर राग उभे राहतात तो सात सुरांचा साचा. डोरियन काफी, फ्रिजियन भैरवी, लिडियन कल्याण, मिक्सोलिडियन खमाज, एओलियन आसावरी. ज्याने कीर्तन शेवटपर्यंत ऐकलंय त्याने फ्रिजियनचे सूर ऐकलेत, कारण भैरवी झाल्याशिवाय बुवा उठत नाहीत. राहिला लोक्रियन. त्यात पंचम अर्ध्या स्वराने खाली येतो, आणि आपल्याकडे सा आणि प हे अचल. त्यामुळे संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या दहा थाटांत लोक्रियनला जागा नाही. मला त्याचं फारसं दुःखही नाही.

माझा जीव आहे डोरियनवर. चला, वाजवून बघू.

चौथी तार, डी. तिला सा माना. फोनवर तानपुरा पांढरी दोनला लावा, म्हणजे डीला. आता याच एका तारेवर, सतारीसारखं, वर जायचं. मोकळी तार, मग दुसरा पडदा, तिसरा, पाचवा, सातवा, नववा, दहावा, बारावा. सा रे ग म प ध नी सा. ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध. हा काफी. हाच डी डोरियन.

[दृश्य: चौथ्या तारेवर आठव्या पडद्यावरून नवव्यावर जाणारं बोट.]

सगळी गंमत या नवव्या पडद्यावर आहे. इथे आठवा पडदा धरला असता तर तो कोमल धैवत, आसावरी, म्हणजे गिटारवाल्याचा रोजचा नॅचरल मायनर. त्यात उदासी असते, पण ती एकाच जागी बसून राहते. बोट नवव्यावर गेलं की कोमल गंधार तसाच राहतो आणि वरून खिडकी उघडल्यासारखं होतं. कॉर्डमध्ये ऐकायचं तर डी मायनर आणि जी मेजर, हे दोनच आलटून पालटून वाजवा. जी मेजरमधला बी हा सूर म्हणजेच तो शुद्ध धैवत. डी मायनरवरून जी मायनरला गेलात तर डोरियन संपला.

[दृश्य: किल्ल्याची तटबंदी. रसवंतीच्या बाकड्यावर गिटार.]

आता शार्ङ्गदेव. रत्नाकरात सप्तकाच्या २२ श्रुती, म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं, सांगितल्या आहेत, आणि त्या सिद्ध करायला प्रत्येकी २२ तारांच्या दोन वीणा. षड्जग्राम या त्या काळच्या मूळ सप्तकातली वाटणी अशी: सा ते री ३ श्रुती, री ते ग २, ग ते म ४, म ते प ४, प ते ध ३, ध ते नी २, नी ते वरचा सा ४. बेरीज बरोबर २२. हिशेब ठेवणाराच माणूस तो.

दोन श्रुतींचं अंतर साधारण अर्धा स्वर, तीन किंवा चारचं पूर्ण स्वर, असं धरून ही वाटणी गिटारवर मांडा. दोन पडदे, एक, दोन, दोन, दोन, एक, दोन. मघाशी वाजवलं तेच. आज आपण बिलावलला शुद्ध स्वरांचा थाट म्हणतो, पण देवगिरीच्या दरबारात ज्याला शुद्ध म्हणत होते तो सप्तक काफीच्या जवळचा होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आणि मोड? त्यासाठी ग्रंथात मूर्च्छना आहेत. सूर तेच ठेवायचे, सुरुवात बदलायची. षड्जग्रामाच्या सात मूर्च्छना. सापासून सुरू होते ती उत्तरमंद्रा, खालच्या नीपासून ती रजनी. हे करून बघायला ग्रंथ लागत नाही. तानपुरा पांढरी दोनवरून पांढरी एकवर आणा, म्हणजे सीला. पडदे तेच ठेवा, फक्त मुक्काम दहाव्या पडद्यावर करा. काफी गेला, बिलावल आला. बोटांनी काहीच केलेलं नाही.

म्हणून मला मोडचे तक्ते छापून भिंतीवर लावणाऱ्यांचं नवल वाटतं. मागे सा वाजत नसेल तर ते सातही तक्ते म्हणजे एकच सी मेजर. मोड बोटात नसतो, तानपुऱ्यात असतो.

[रसवंतीवाले दादा, कॅमेऱ्याबाहेरून: "कोणतं गाणं वाजवायलेत भाऊ?"]

गाणं नाही दादा, थाट चाललाय. मागे घुंगरं ऐकू येतायत ती चरकाची. काढून टाकणार होतो, पण लय बरी होती, ठेवली.

[दृश्य: ट्यूनरचा काटा. उन्हात गिटार.]

दुपारच्या उन्हात तार तापते, सैल पडते, सूर उतरतो. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये गिटार उघड्यावर वाजवायची तर दर थोड्या वेळाने खुंट्या पिळाव्या लागतात. ते एक वेळ चालतं. पडद्यांची अडचण त्याहून चिवट आहे.

गिटारवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, प्रत्येक १०० सेंटचा. सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप. तानपुऱ्याशी मिळणारा कोमल गंधार ३१६ सेंटवर असतो, पडदा देतो ३००. म्हणजे गंधार जरा उतरलेला. यावर उपाय आहे: तिसऱ्या पडद्यावर तार किंचित ओढा, गंधार चढतो आणि तानपुऱ्यात विरघळतो. पण शुद्ध धैवत ८८४ वर हवा आणि पडदा देतो ९००. हा चढलेला, आणि ओढून तार खाली येत नाही. मग आठव्या पडद्यावर बोट ठेवून तार वर ओढायची, नवव्याच्या जराशी अलीकडे थांबायचं. जमायला वेळ लागतो. जमलं की मींडही मिळते, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं, आणि धैवतही.

हार्मोनियमबद्दलही हीच तक्रार होती, तिचेही सूर पक्के बांधलेले. रेडिओने १९४० पासून तीनेक दशकं तिला बाहेर ठेवलं होतं. भजनी मंडळांनी मात्र ती सोडली नाही. तुम्ही गिटार घेऊन भजनाला बसलात आणि बुवा म्हणाले "काळी दोन", म्हणजे डी शार्प, तर घाबरू नका. पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा, मघाचे सगळे आकडे कॅपोपासून मोजा. "काळी एक" म्हणाले तर सहाही तारा अर्ध्या स्वराने उतरवा.

[दृश्य: पुन्हा डावा हात.]

एवढं झाल्यावरही आपण थाटच वाजवतोय, राग नाही. काफी थाटातच भीमपलास आहे आणि बागेश्रीही. आठ पडदे तेच, चाल वेगळी.

भीमपलास दुपारचा, म्हणून आत्ता तोच. आरोहात रे आणि ध नाहीत. मोकळी तार, तिसरा, पाचवा, सातवा, दहावा, बारावा. ओळखलंत? हा मायनर पेंटाटॉनिक, तुमची पहिल्या वर्षाची शिदोरी. उतरताना मात्र सगळे सूर घ्या: बारा, दहा, नऊ, सात, पाच, तीन, दोन, मोकळी. पेंटाटॉनिकने चढायचं, डोरियनने उतरायचं. मुक्काम मध्यमावर, पाचव्या पडद्यावर. गिटारवाल्याला भीमपलासचा सांगाडा इतक्या स्वस्तात मिळतो. मांस चढवायला गुरू लागतो, ते व्हिडिओचं काम नाही.

बागेश्री रात्रीचा. मोकळी तार, तिसरा, पाचवा, मग सातवा ओलांडून थेट नववा, दहावा, बारावा. मध्यमावरून धैवतावर जाताना पंचमाला हात लावायचा नाही. उतरताना म प ध ग अशा वाटेने पंचम घेता येतो: पाच, सात, नऊ, तीन. घ्या, पण त्याच्यावर थांबू नका. थांबलात तर ऐकणाऱ्याला परत काफीच ऐकू येईल.