न विरघळणारे टाके: घालतानाची गाठ आणि काढायची तारीख

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ इंटर्न, नर्सिंगचे विद्यार्थी आणि ड्रेसिंग रूममध्ये टाके घालणाऱ्या-काढणाऱ्या सगळ्यांसाठी आहे.

विरघळणारा दोरा शरीर हळूहळू संपवून टाकतं. नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आपलं प्रोलीन, तसं जात नाही. त्वचेवर घातलं की कुणालातरी ते काढावंच लागतं. आणि आत घातलं, तर ते तिथेच राहणार हे धरूनच घालायचं. म्हणून लघवीच्या किंवा पित्ताच्या मार्गात हे दोरे नकोत. लघवी आणि पित्त दोन्हींत क्षार असतात, त्यांच्या संपर्कात दोरा राहिला की त्यावर खडा धरतो.

सिल्कबद्दल मात्र गैरसमज फार. त्याची गणना न विरघळणाऱ्यांत होते, पण आत राहिलेल्या सिल्कची ताकद वर्षभरात जवळपास संपते. नायलॉनचीही दरवर्षी साधारण 15 ते 20 टक्के कमी होते. हृदयाची कृत्रिम झडप कायमची धरून ठेवायची असेल तिथे सिल्क चालत नाही. शिवाय सिल्क विणलेलं असतं, त्याच्या धाग्यांमध्ये जंतू लपून बसतात. घाण झालेल्या जखमेत एकेरी, गुळगुळीत दोराच बरा.

आता जरा जवळून बघा. हा 3-0 जाडीचा नायलॉन. पाकिटातून काढलाय तरी घडीचा आकार सोडत नाहीये. ही याची मेमरी. आता मी दोनच फेऱ्यांची गाठ मारते आणि हात सोडते... बघा, सैल झाली. सिल्कला तीन फेरे पुरतात, नायलॉनला चार-पाच लागतात. प्रत्येक फेरा आधीच्या उलट दिशेने आणि सपाट बसला पाहिजे, नाहीतर दहा फेरे मारूनही गाठ सरकेल. आणखी एक सवय आजच सोडा: जो दोरा आत राहणार आहे, तो नीडल होल्डरच्या, म्हणजे सुई धरायच्या चिमट्याच्या, जबड्यात पकडू नका. चिमटा बसला तिथे दोरा कमकुवत होतो आणि पुढे तिथेच तुटतो. टोकं अर्धा ते एक सेंटिमीटर ठेवा, काढणारीला पकडायला काहीतरी हवं ना!

किती आवळायचं? जखमेच्या कडा एकमेकींना टेकल्या की थांबा. दुसऱ्या दिवशी सूज येतेच, आणि आज जेमतेम बसलेला टाका उद्या कातडीत रुततो. रक्तपुरवठा तुटतो, कडा काळ्या पडतात, आणि जन्मभर आडव्या रेघांचा व्रण राहतो. घट्ट म्हणजे मजबूत, हा समज मला अजूनही रोज दिसतो आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

काढायचे दिवस जागेवर ठरतात. चेहऱ्यावर 3 ते 5 दिवस, डोक्यावर आणि धडावर 7 ते 10, पायावर आणि सांध्यांवर 10 ते 14. मधुमेह असेल किंवा स्टिरॉइड चालू असतील तर भरायला वेळ लागतो, तेव्हा तारखेपेक्षा जखम बघा. शंका असेल तर आधी एक सोडून एक टाका काढा. कडा फाकायला लागल्या तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवा.

काढताना आधी त्वचा स्वच्छ करा. गाठ चिमट्याने वर उचला, म्हणजे आतला स्वच्छ दोरा थोडासा बाहेर दिसेल. तिथेच, त्वचेला लागून, एका बाजूला कापा आणि गाठ जखमेच्या दिशेने ओढा. दोन्ही बाजू कापल्या तर मधला तुकडा आत राहतो. वर उघडा पडलेला, जंतू बसलेला दोरा आतून ओढला जाता कामा नये, सगळी काळजी त्यासाठीच. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असं नाही. पूर्ववत कातडीच्या सुमारे 80 टक्के ताकद यायला काही महिने लागतात, आणि त्याहून जास्त ती येत नाही. पेशंटला जड उचलण्याबद्दल स्पष्ट सांगा.

उघडलेलं पाकीट उरलं तर टाकून द्या, पुन्हा निर्जंतुक करून वापरू नका. सुई बोटाने पकडू नका, वापरून झाली की थेट शार्प्सच्या, म्हणजे टोकदार कचऱ्याच्या, डब्यात.

आणि डिस्चार्ज कार्डवर नुसतं 'टाके घातले' लिहू नका. दोरा कुठला, टाके किती, काढायची तारीख कोणती, हे लिहा. सात घातले आणि सहा निघाले, तर सातवा आत शोधायचा आहे हे काढणाऱ्याला त्या कार्डावरूनच कळणार आहे.