हरळीचा अभ्यास

[दृश्य: काळं रान, उभा शाळू, बांधावर आबा]

मंगळवेढ्याचं हे रान. शाळू पोटरीत आलाय. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवरच हे पीक उभं आहे, वरून पाणी नाही. आबांच्या खुरप्याला हरळी गुंतलीय. पांढरी, गाठीगाठीची. एक कांडी मातीत राहिली तरी पुन्हा फुटते.

"जलम गेला हिला काढण्यात," आबा म्हणतात, "आन् ह्यो तीच लावायला शिकतुय!"

ह्यो म्हणजे त्यांचा थोरला. कृषी पदविका घेतली आणि पुण्याकडच्या एका गोल्फ मैदानावर गवत राखायला लागला. लोक त्याला माळीच म्हणतात. तो तयारी करतोय मास्टर ग्रीनकीपर या प्रमाणपत्राची. ब्रिटनमधली ग्रीनकीपरांची संघटना ते देते. बिग्गा, १९८७ सालची. आधी शिक्षण आणि अनुभवाचे गुण जमवायचे, मग परीक्षक येऊन मैदान तपासतात, मग लेखी परीक्षा. तीही इंग्रजीत.

[दृश्य: ओसरीवर दोन कापलेल्या बाटल्या]

या दोन बाटल्या नीट पाहा. बूड कापून उलट्या टांगल्यात, तोंडाला फडकं बांधलंय. एकीत आबांच्या रानातली काळी माती, दुसरीत चाळलेली वाळू. दोन्हींत एकेक तांब्या पाणी. वाळूतून धार लागली. मातीवर पाणी तसंच उभं.

ज्या गुणावर शाळू पिकतो, तोच गुण ग्रीनला मारक. ग्रीन म्हणजे खळग्याभोवतीचं ते गुळगुळीत हिरवळीचं अंगण. अमेरिकी गोल्फ संघटनेच्या पद्धतीत खाली दहा सेंटिमीटर खडी, वर तीस सेंटिमीटर वाळूचा थर. वाळूही कुठलीही चालत नाही. निदान साठ टक्के कण पाव ते एक मिलिमीटरचे लागतात. म्हणून ओसरीवर चाळण्यांची ही उतरंड. चाळायचं, तोलायचं, वहीत उतरवायचं. आई म्हणते, "पीठ तरी इतकं कोण चाळतंय?"

वहीत डाव्या पानावर इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा स्वतःचा अर्थ. 'थॅच : गवताच्या बुडाशी साचलेला मेलेल्या कांड्यांचा थर. जाड झाला की पाणी अडतं, रोग येतो.' माळी म्हणणाऱ्यांनी ही वही एकदा चाळावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. यातलं बरंचसं आपल्या पोरांनी लहानपणापासून मातीत हात घालून शिकलेलंच असतं.

गोल्फला पाणी फार लागतं, हा आक्षेप खराच आहे. पाण्याचा हिशेब त्यालाही मांडावा लागतोच. परीक्षक पुढच्या हंगामात येतील. पास झाला तर पद वाढेल, पगारही.

[दृश्य: विहिरीजवळचा वाफा, संध्याकाळ]

विहिरीजवळ दहा बाय दहाचा वाळूचा वाफा. यात टिफड्वार्फ लावलीय. हीसुद्धा हरळीच, पण संकरित. हिला बी धरत नाही, कांड्या टोचूनच वाढवावी लागते. चार-पाच मिलिमीटरवर कापली तरी तग धरते.

गावठी हरळी यात घुसली की पोत बिघडतो. रंग वेगळा, पान रुंद. तो गुडघ्यांवर बसून एकेक कांडी शोधतोय. आबा मागे येऊन उभे राहतात. थोडा वेळ नुसतं बघतात. मग वाकून बोट दाखवतात.

"ती बघ. तिकडं. मुळासकट काढ."